चाकाखालचं लिंबू

चहा घ्या, तोवर वैशाखरे गावच्या मधूचं सांगतो. मधू फौजेत ड्रायव्हर. शांतिसेनेतून आफ्रिकेला निघाला, तेव्हा गस्तीच्या गाडीवर लावायचं तुकडीचं निशाण शिवायला शहापुरात माझ्याच दुकानी आला. सोबत आई, तोंड उतरलेलं.

“आये, चिलखती गाडी हाय. खाली सुरुंग फुटला तरी आतल्याला काय नाय होत.”

“ते मला नको सांगू. पयल्या फेरीला चाकाखाली लिंबू ठेवशील, तरच जा.”

परवा तो सुट्टीवर आला, तर मायलेक पुन्हा दुकानात. मी विचारलं, “ठेवलंस का रे लिंबू?”

“ठेवलं ना शेठ! निशाण लावलं नि वाकून लिंबू चाकाखाली सरकवलं. परदेशी पहारेकऱ्यानं लांबून बघितलं, त्याला वाटलं बॉम्ब. त्यानं शिट्टी मारली नि अख्खा तळ जमिनीवर आडवा! साहेब ओरडला, काय ठेवलंस? म्हटलं, लिंबू, सर. आईचा हुकूम.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. “सुरुंगाला नाय भीत म्हणं, नि लिंबाला अख्खी फौज आडवी झाली!”

मग डोळे पुसून लेकाला म्हणाली, “आता जाशील तेव्हा सगळ्यांना दाखवून ठेव.”