विहिरीचा फोटो

नकाशावाल्याचं ऐका बे. आमचा दादा ज्या विहिरीत पडून गेला, ती वाटेला लागून हाय अन् तिला कठडा न्हाई, हे तुमाला ठाऊकच हाय. म्हणून मीच तिच्याभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या लावल्या. परवा एका संस्थेचे साहेब आले. धोक्याच्या विहिरी नकाशावर टाकून ते इंटरनेटवर ठेवतात.

मी विचारलं, "कठडा कधी बांधता?"

"ते आमच्या कामात बसत नाही. पण ही विहीर आता जगात कुठूनही दिसेल." मग म्हणाले, "या फांद्या जरा काढता का? फोटोत विहीर नीट येत नाही."

काढल्या. म्हटलं, "आता मोबाईलवर नकाशा बघत सरळ पुढं या, साहेब."

साहेब जागचे हालले न्हाईत.