वज्रेश्वरीची पहिली एस.टी.

दिनांक १७ फेब्रुवारी १९७६, सकाळी ११ वाजता.

नाव तुळजा विठू केणे, वय अंदाजे ४१, धंदा पावरलूम कारखान्यात कांड्या भरणे, राहणार शेलार, तालुका भिवंडी. पतीचे नाव मी घेत नाही. ते जमादारांनी रेशनकार्डावरून लिहून घेतले आहे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे मालक लूम चालवत. ते १९७३ च्या आषाढात छातीच्या दुखण्याने वारले. मुनीर मजीद हा त्यांच्या शेजारच्या लूमवर होता. आता तो मुंबईला कापड नेणाऱ्या लॉरीवर हमाली करतो.

काल दुपारी मुनीरची बायको कुबरा माझ्याकडे आली. दापोड्याच्या गोदामातून गेल्या मंगळवारी कापडाचे तागे चोरीला गेले, त्यात मुनीरला रविवारी जकात नाक्यावर धरले, आणि त्याच्या पिशवीतल्या पुस्तकात चोरीचा बेत लिहिलेला सापडला, असे तिने सांगितले. ती म्हणाली, "भाभी, किताब तुझी हाय ना? मग चल, तसं सांग जाऊन." म्हणून मी आले. मला कोणी पढवलेले नाही.

पुस्तक माझे आहे. मालकांनी व मुनीरने ते बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणले होते. शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा मालक मला ते वाचून दाखवत. मला त्या वेळी वाचता येत नव्हते. पुस्तकात एका चोराची गोष्ट आहे. कुलूप उघडायची वेळ आली की त्याला शिंक येते आणि घरातले जागे होतात. गोदामात टाइपिंग करणारी एक मुलगी त्याला दोनदा पळून जाऊ देते. पुढे दोघांचे जमते. मालक वाचताना इतके हसत की पुढचे वाक्य मला थांबून ऐकावे लागे.

शेवट मी त्यांच्याकडून पुष्कळदा वाचून घेतला. दर वेळी शब्द तेच असत. आजारपणातल्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी पुस्तक न उघडताच तो वाचला. तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ते गेल्यावर मी वाचायला शिकले. अक्षरे एस.टी.च्या आणि दुकानांच्या पाट्यांवरून जमवली, बाकी याच पुस्तकावरून. गेल्या दिवाळीत मी पान १४२ वर पोचले. चोर गोदामात आहे, हातात मोत्यांची माळ आहे, पुढच्या फाटकावर पोलीस आहेत आणि त्याच्या नाकाला हुळहुळ सुटली आहे. तिथे पुस्तक संपते. पुढची पाने पहिल्यापासूनच नव्हती. मागच्या पुठ्ठ्यावर आतून मालकांच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले होते.

जमादारांनी पुस्तक मिटून, त्यावर काय लिहिले आहे ते सांगा, असे म्हटले. मी न पाहता सांगितले ते असे: "गोदाम. मागची खिडकी. बाई खाली उभी. माल तिच्या पदरात. वज्रेश्वरीची पहिली एस.टी. शिंक जाते." हा चोरीचा बेत नाही. माल म्हणजे मोती. कापडाचा तागा पदरात मावत नाही. शेवटचे दोन शब्द हा काही इशारा असावा असे पोलिसांचे म्हणणे होते. तसे नाही. ती दोघे वज्रेश्वरीला जातात, माळ देवीच्या पायाशी ठेवतात, गरम कुंडात अंघोळ करतात आणि त्याची शिंक कायमची जाते. शेवट तोच आहे.

पुस्तकाची शिवण सुटली म्हणून दुसरी प्रत बघ, असे सांगून मी ते मुनीरकडे दिले होते. खरे म्हणजे मला छापलेला शेवट पाहायचा होता. ते मी त्याला बोलले नव्हते.

अक्षर कोणाचे, हे मुनीरने पोलिसांना सांगितले नाही, त्यामुळे संशय वाढला. आज जमादारांसमोर मी त्याला विचारले, "का रे बोलला न्हाईस?" तो म्हणाला, "विठूनं कसम घातली होती, भाभी. पानं न्हाईत हे तुला कळू द्यायचं नव्हतं." मी म्हणाले, "मला दिवाळीपासून ठावं हाय."  मग तो म्हणाला, "मग मी दोन दिवस मार कशाला खाल्ला?" हे वाक्य लिहू नये असे जमादार म्हणाले. मी लिहा म्हटले.

मालकांची लूमची वही मी सोबत आणली आहे. फौजदार साहेबांनी दोन्ही अक्षरे शेजारी ठेवून पाहिली, एकाच हातची म्हणाले, आणि मुनीरला सोडायला सांगितले. बाहेर कुबरा त्याच्या चपला घेऊन बसली आहे.

पुठ्ठा फाडून कागदपत्रांना जोडावा लागेल, असे मला सांगण्यात आले. माझी त्याला हरकत आहे. लागेल तितके दिवस सबंध पुस्तक ठेवावे, पण फाडू नये. पंचनाम्यात 'जुने पुस्तक, शेवटची पाने नसलेले, अपूर्ण' असे लिहिले आहे. ते दुरुस्त करावे. पुस्तक पूर्ण आहे. दुसरी प्रत आता नको, असे मी मुनीरला सांगितले आहे.

जमादार जबाब वाचून दाखवू लागले. मी स्वतः वाचते म्हटले. वेळ लागला, ते थांबले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटचे पान दोनदा वाचून त्याखाली सही केली आहे.

तुळजा विठू केणे