पेढ्याला बांधलेली गाठ

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे शल्यविभागप्रमुख डॉ. संजीव सर, मराठी मंडळाच्या गोदावरीताई, हुबळी-धारवाडहून आवर्जून आलेले सगळे अण्णा-अक्का, आणि चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळून उद्या निवृत्त होणाऱ्या आमच्या गौतमी सिस्टर, म्हणजे गौतमीअक्का, आपणां सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी डॉ. निवेदिता. अक्कांनी मघाशीच बजावलंय, कौतुक आवरतं घ्या म्हणून. आजवर त्यांचं सगळं ऐकलं, आज नाही ऐकणार.

नऊ वर्षांपूर्वी मी इथे शिकाऊ डॉक्टर होते. धारवाडच्या नामांकित वकिलांची लेक, नाकाचा शेंडा आभाळात. तेव्हा आमच्याकडे टाके घालण्याच्या सरावाचं पहिलं यंत्र आलं होतं. पडद्यावर आतडं दिसायचं, हातात दांडे. पण दोरा कितीही ओढा, हाताला काही म्हणजे काही लागायचं नाही. यंत्र फक्त वेळ मोजायचं. त्यात मी पहिली आले, आणि दुसऱ्या दिवशी वाटायला किलोभर धारवाड पेढे घेऊन आले.

त्याच सकाळी टेबलावर अळणावरच्या एक आजी होत्या. सर म्हणाले, टाके तू घे. मी पहिलाच टाका ऐटीत ओढला आणि आतड्याची कड फाटली. थोडीशीच, पण फाटली. सरांनी ती सावरली. दुसरी सुई मात्र अक्कांनी मला दिलीच नाही. शांतपणे म्हणाल्या, "सर, यांच्या हाताला अजून कळत नाही. कळेपर्यंत मी यांना सुई देणार नाही."

भर थिएटरमध्ये! मग मी काय केलं असेल? चूक मान्य केली? छे हो. मी लेखी तक्रार केली. त्यातलं एक वाक्य आजही मला पाठ आहे: "नर्सने डॉक्टरला शिकवण्याचे कारण नाही." मंडळी, मला त्याची लाज वाटते.

सरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझी तक्रार, दुसऱ्या बाजूला माझेच पेढे. अक्कांनी तक्रार बाजूला सारली. त्यांनी खिशातून टाक्याचा दोरा काढला, एका पेढ्याभोवती गाठ मारली आणि दोऱ्याला धरून पेढा अलगद उचलला. साखरेचा कणही पडला नाही. म्हणाल्या, आता तुम्ही.

मी अकरा पेढे फोडले. सैल बांधला की निसटे, आवळला की दोन तुकडे. अक्का शेजारी उभ्या राहून एवढंच म्हणत होत्या, "मेल्लग, डॉक्टर. हळू. दोरा ओढू नका, पेढा काय म्हणतो ते ऐका." सर चुरा खात होते, आणि आत्ता हसतायत ते त्यामुळेच. शेवटी अक्का म्हणाल्या, "पेढे नंतर वाटा. आधी बांधायला शिका."

दीड महिना मी रोज पेढे बांधले. मग एके दिवशी अक्कांनी स्वतःहून माझ्या हातात सुई ठेवली. त्यानंतरचा माझा एकही टाका फाटला नाही असं मी म्हणणार नाही, पण फाटण्याआधी तो मला बोटांत कळायला लागला.

दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. हे हाताला उलट ओढ देतं, आतडं ताणलं की बोटांना जाणवतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, ओढ किती ठेवायची? सरांनी अक्कांकडे बोट दाखवलं. ताण मोजणाऱ्या काट्यावर अक्कांनी तीन दिवस गाठी मारल्या, आणि त्यावरून यंत्राची ओढ ठरली. आज आमची पोरं जास्त आवळायला गेली की यंत्र त्यांना अडवतं. मी त्यांना सांगते, बाळांनो, हे यंत्र नाही, या आपल्या गौतमीअक्का. हे सांगताना माझी छाती अभिमानानं फुगते.

सर, ती तक्रार अजून अक्कांच्या फायलीत आहे. नऊ वर्षं ती मागे घ्यायचं धाडस मला झालं नाही. आज या भरल्या सभागृहात मी ती मागे घेते. हे माझं सहीचं पत्र.

आणि अक्का, हा पेढा. बांधलाय मी. उचलून बघा.

पाहिलंत मंडळी? साखरसुद्धा पडली नाही. अक्का, आता तरी वाटू?

अक्कांनी मान डोलावली! दाराशी डबे ठेवलेत, प्रत्येकानं पेढा घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. मला बोलू दिलंत, आपले आभार. बोलण्यात कुठे दोरा जास्त ओढला गेला असेल, तर लेक समजून पोटात घाला.