लिंबाची साठ पानं

नाही हो, नागअळी म्हणजे साप नव्हे — एवढीशी असते, तांदळाच्या कणीहून बारीक — उघडा, अजून थोडं, हां — तुमच्या कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आल्यात म्हणालात ना, ती तीच. पानाच्या आत शिरते आणि पोखरत पोखरत जाते. आता बोलू नका, भूल चढलीय, जीभ चावाल. मीच बोलते. दाढेचं काम वीस मिनिटांचं आणि या विषयावर माझ्याकडे ऐवज आहे दोन तासांचा.

आमच्या गच्चीवर तीन झाडं — एक लिंबू, दोन मोसंबी, कापलेल्या पिंपांत लावलेली. माझी नव्हेत, आमच्या ह्यांची. हे जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे, पस्तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि गच्चीवर गेले ते गेलेच. जेवायला हाक मारावी लागते — तीनदा. तर गेल्या महिन्यात लिंबाला नवी पालवी फुटली आणि तिच्यावर ह्या रेघा. दुसरा कोणी घाबरला असता, हे खूश. म्हणाले, बघ, नदीसारखं कसं सुंदर वळण घेतलंय. आता एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला सुंदर म्हणाले असतील तर — जाऊ दे. गार लागेल हं, पाणी आहे.

मग गेले रोपवाटिकेतल्या बाईंकडे. बाई हुशार. म्हणाल्या, घाबरू नका आणि उगाच काही करूही नका. ही अळी कोवळ्या पानातच शिरते, जून पानाच्या वाटेला जात नाही. पोखरलेलं पानसुद्धा झाडाला अन्न देतं, तेव्हा तोडायचं नाही. भारंभार खत घालायचं नाही, नाहीतर आणखी कोवळी पालवी येईल आणि अळ्यांची चंगळ. फार तर नव्या पालवीवर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारा. बाकी काम एक माशी करते — डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी — ती अळीवर अंडी घालते, तिची पिल्लं अळी खाऊन टाकतात. तिची वाट बघा, म्हणाल्या. वाट बघण्यात आमच्या ह्यांचा हात कोण धरणार? इथलं माझं भिंग उचललं, एक वही केली, प्रत्येक पानाला नंबर, तारीख, रेघेचं चित्र.

आणि एका रविवारी हे चष्मा बदलायला गेले असताना कुणीतरी ती सगळी पानं कापून टाकली. साठ. — दुखतंय? नाही ना? मग भुवया खाली घ्या. — बरं, कुणीतरी म्हणजे मीच. घरात आहोतच दोघं. दातांची डॉक्टर मी, किडलेलं दिसलं की हात शिवशिवतात — निदान त्यांना तरी मी असंच सांगितलं. ते वर गेले, खाली आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सतरा पानांत माशीची पिल्लं होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मी म्हटलं, "मला सांगता कधी तुम्ही? वहीला सांगता." झालं. आज अकरा दिवस. तेही बोलत नाहीत, मीही नाही. मीठ हवं असलं तर जो तो उठून घेतो. आणि तिकडे झाड बघा — एवढी छाटणी झाल्यावर चारी अंगांनी पालवी फुटली आणि तिच्यावर परत ह्याच रेघा, दुपटीने.

खरं सांगू का — तुम्हाला उत्तर देता येत नाहीये म्हणून सांगते — किडीचा काही संबंध नव्हता. त्या सकाळी मी चहाचे दोन कप घेऊन वर गेले होते. म्हटलं, आज दवाखाना बंद, बसू जरा. तर हे म्हणाले, तिथे उभी राहू नकोस, पानावर सावली पडतेय. दोन्ही कप घेऊन खाली आले. ते बाहेर पडल्यावर गेले ती कात्री घेऊन.

ती खिडकीतली बरणी बघताय ना, ते औषध नाही. त्याच संध्याकाळी मी कचऱ्यातून पानं परत काढली, बरणीत भरली, वर चौपदरी गॉजचं फडकं बांधलं. परवा दोन माश्या निघाल्या. काल पाच. भिंग ह्यांच्याकडे, म्हणून दात बघायच्या आरशातून बघितल्या. उद्या हे फिरायला गेले की गच्चीवर सोडणार आहे, गुपचूप. सांगायचं म्हणजे आधी बोलावं लागणार, आणि ते मी — चावून बघा. उंच वाटतंय? थांबा, घासते. आता? छान.

काय गं, पुढच्या पेशंटचं कार्ड? दे इकडे. वय साठ, अक्कलदाढ, दोन दिवस ठणका — दोन दिवस अंगावर काढतात माणसं, कमाल आहे — पत्ता — हा तर माझाच पत्ता. कधीपासून बसलेत? अर्धा तास. आणि हे मधलं दार अर्धा तास असंच सताड उघडं?

चूळ भरा तुम्ही. दोन तास काही खाऊ नका. आणि जाताना — नको, दार नका लावू. त्यांना म्हणावं, आत या.