भात पिकलंय

"आजोबा, ह्या विमानाला इंजिन कुठेय?" मैत्रिणींनी डेअर दिलं, म्हणून भुईगावच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांच्या मांडीवरच्या फोटोकडे बोट दाखवून मी विचारलंच.

"ग्लायडर आहे तो, बाय. वाऱ्यावर तरंगतो. आमचा नातू पियुष एनसीसीत उडवायला शिकायचा."

"अहो, पोरीला कशाला सांगता?" त्यांच्या पलीकडे बसलेल्या आजी म्हणाल्या.

"वारा पडला. खाली सपाट शेत होतं. वायरलेसवर शिकवणारे सर ओरडत होते, तिथंच उतर. हा म्हणतो, भात पिकलंय, सर."

"मग?"

"धावपट्टीकडे वळला. पोचला नाही."

"दुसऱ्याच्या पिकात पाय टाकायचा नाही, हे यांनीच शिकवलेलं," आजी म्हणाल्या.

"शेतवाला रडत आलेला. म्हणाला, उतरायचं होतं पोराने."

घरी येताच मी सांगून टाकलं, "आई, बाबा, मी एनसीसीत जाणार, ग्लायडर शिकणार. वेळ आली तर लोकांच्या उभ्या पिकात उतरणार. तेव्हा रागवायचं नाही."