जावेचा पाम

इकडे हिंदी मुलखात, गढ्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी जप करत बसले होते. पुढच्या बाकावरच्या दोघी मराठीत बोलू लागल्या आणि मणी बोटातच राहिला.

"आमच्या सुहासिनीचा पाम पाहिला का, दीदी?"

"तुझ्या जावेचा? बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा?"

"तोच. तिच्या भावाने मॉरिशसहून आणला. त्या बेटावरही आता मोजकेच उरले म्हणे. घरी कोणी आलं की आधी कुंडी दाखवते, मग पाणी विचारते."

"जळून राहिली तू!"

"काहून जळू नाही? ती माहेरी गेली, तेव्हा महिनाभर रोज मूठभर मीठ घातलं मी त्याच्या मुळाशी."

"अगं बाई! मेला?"

"मेला कुठे! नवं पान फुटलं, हे एवढं!"

"फुटणारच. समुद्रकाठचा तो, नारळाच्या खानदानातला. माझी कोकणातली मावशी नारळाच्या आळ्यात मीठच घालते."

"मला काय ठाऊक! आता प्रदर्शनात पहिला नंबर आला त्याचा. साऱ्या मोहल्ल्याला सांगते, माझ्या हाताला गुण आहे."

"मग सांगून टाक ना, मीठ मी घातलं म्हणून."

"तेच तर, दीदी! कोणत्या तोंडाने सांगू?"