उलटा तुकडा

आडरस्त्यावरच्या त्या जुन्या गोधड्यांच्या दुकानात दोघी बहिणी शिरल्या. दुकानदारीणबाई सुईत दोरा ओवत होत्या, कान मात्र तिकडेच.

"ताई, तीन दिवसांतलं हे सातवं दुकान. आता बास!"

"गप गं. ही गोधडी बघ, कोपऱ्यातला तुकडा चक्क उलटा! शिवणारीचं लक्ष कुठं होतं कोण जाणे."

"तुझ्याकडे होतं."

"म्हणजे?"

"तुझ्या साठाव्या वाढदिवसाला मीच शिवून दिली होती ही. आई प्रत्येक गोधडीत एक तुकडा उलटा लावायची, म्हणून मीही लावला."

"छे, काहीतरीच! तुझी गोधडी मी रोज पांघरते."

"रोज?"

"म्हणजे... सुनेनंच परस्पर विकली असणार."

दोरा काही सुईत जाईना.

"बाई, ही बांधून द्या. पंचाहत्तरीला हिला पुन्हा हीच देते."